त्यांचा नारळ, आपला नारळ

श्रावण लागला की आपल्याकडे घरोघरी एकच धावपळ. भिंती सारवायच्या, भांडी घासायची, डबे रिकामे करायचे, रोटांसाठी गहू निवडून ठेवायचे. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाईचा! चौरंगावर नारळाची देवी बसते. नथ, टिकली, गळ्यात दागिने, अंगावर नवं कापड. सुरत, मुंबई, पुण्याला गेलेले भाऊबंदसुद्धा रोटांसाठी घरी येतात. रात्र जागून गाणी होतात आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन कानबाई वाजतगाजत नदीवर निघते.

त्याच श्रावणात, पौर्णिमेच्या दिवशी, तिकडे समुद्रकाठी आणखी एक नारळ असाच सजतो. तो असतो कोळणींचा.

मुंबई म्हटलं की आपल्याला लोकल आणि उंच इमारती आठवतात. पण मुळात ती सात बेटं होती आणि तिथले जुने रहिवासी कोळी. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळालं, तीही त्यांचीच देवी. वरळी, माहीम, कुलाबा इथले कोळीवाडे आजही टॉवरच्या सावलीत टिकून आहेत.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि माशांचा अंडी घालण्याचा काळही तोच. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. या दिवसांत पुरुष जाळी विणतात, होड्या रंगवतात. बाईचं काम मात्र थांबत नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, जवळा यांच्यावर ती घर चालवते. आपल्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील मिळतात ना, त्यांच्यामागे अशाच कुणा बाईचे उन्हातले हात असतात.

मग येते नारळी पौर्णिमा. बायका ठेवणीतलं लुगडं नेसतात, अंबाड्यावर वेणी माळतात, अंगावर सोनं घालतात. होड्यांना पताका लागतात, त्यांची पूजा होते. सोनेरी कागदात मढवलेला नारळ मिरवणुकीने किनाऱ्यावर नेतात आणि दर्याला अर्पण करतात. घरी नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या. पण एवढ्या नाचगाण्यातही बाईच्या मनात मागणं एकच असतं. दर्या शांत राहू दे, माझा माणूस सुखरूप घरी येऊ दे!

दुसरीकडे, घराचा हिशेब तिच्याच हातात असतो. मासे पकडायचे पुरुषांनी आणि विकायचे बाईने, अशी ही जुनी वाटणी. पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर लिलावात माल घ्यायचा, टोपली भरायची आणि बाजार गाठायचा. म्हणून नारळी पौर्णिमा म्हणजे तिच्यासाठी नव्या वर्षाच्या कमाईची सुरुवात.

आता मात्र सण आणि दर्या यांचं गणित जुळेनासं झालंय. पूर्वी नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात न्यायची नाही, हाच कायदा होता. आता यांत्रिक बोटींसाठी सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस असते. पौर्णिमा मात्र पंचांगाप्रमाणे मागेपुढे होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. बंदी उठल्यानंतर महिनाभर घरी बसणं कुणाला परवडणार? आपण थांबलो तर दुसरे मासे नेतील, ही धास्ती असतेच. पण थांबायचंच नाही असं ठरवलं तर पिल्लंही जाळ्यात येतात. त्याच २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा द्यावा लागला, तो मासा कमी होत चालला म्हणूनच.

त्यात वादळांचं भय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोळीवाड्यांतल्या कितीतरी बोटी फोडल्या. वरळीच्या कोळ्यांना तर सागरी किनारा रस्त्याच्या खांबांमधून होडी सुखरूप जावी म्हणून आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे तिथल्या खांबांमधलं अंतर वाढवून मिळालं.

मैत्रिणींनो, या बायका आपल्यापासून फार लांबच्या नाहीत. चैत्रात त्या कार्ल्याच्या एकवीरेला जातात. आपण धुळ्यात पांझरेकाठच्या एकवीरेला जातो, तिचीही यात्रा चैत्रातलीच. आपण नारळाला देवी करतो, त्या नारळ देवाला देतात. आणि दोघींचं मागणं एकच, घरची माणसं सुखरूप राहू देत.

आपल्याकडेही कानबाईच्या वेळी नदीला पाणी असेलच असं आता सांगता येत नाही. पाऊस लांबला की विसर्जनाला जागा शोधावी लागते. तेव्हा कळतं, सण नुसता हौसेचा नसतो. नदी आणि दर्या जिवंत असेल तरच तो उरतो.

श्रावणात मुलाकडे किंवा लेकीकडे मुंबईला गेलात तर पौर्णिमेला एखाद्या कोळीवाड्यात जरूर जा. फोटो काढण्याआधी एखाद्या मावशीशी दोन शब्द बोला. आपल्या कानबाईचं सांगा, तिच्या दर्याचं ऐका. बघा, ओळख निघायला वेळ लागणार नाही!