परदेशातून जुनी फोर बाय फोर आणून सोलापुरात टॅक्सी पासिंग करता येतं का?

मोबाईलवर रील फिरत असतं. दुबईतल्या यार्डात रांगेने उभ्या असलेल्या जुन्या लँड क्रूझर, पेट्रोल, रँग्लर. खाली किंमत लिहिलेली, ती वाचून वाटतं की एवढ्यात तर इथे साधी नवी एसयूव्हीसुद्धा येत नाही. मग डोक्यात गणित सुरू होतं. समजा, शुक्रवार पेठेतल्या एखाद्या तरुणाने अशी गाडी आणली, एमएच १३ ची पिवळी पाटी लावली आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूरच्या भाविकांना फिरवायला सुरुवात केली तर? भाविक बारा महिने येतातच, आणि अशी गाडी दुसऱ्या कुणाकडे नसणार.

कल्पना भारी आहे. पण बयाणा पाठवण्याआधी नियम काय म्हणतात ते बघून घ्या.

जुनी गाडी आयात करायला बंदी आहे का?

बंदी नाही, पण अटी इतक्या आहेत की बहुतेक गाड्या पहिल्याच चाळणीत गळतात.

गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको. म्हणजे रीलमधली दहा-पंधरा वर्षं जुनी लँड क्रूझर इथेच बाद.

स्टिअरिंग उजवीकडे हवं. दुबईसह सगळ्या आखाती देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे 'दुबईहून गाडी' हा विषय संपला. उरले जपान आणि ब्रिटनसारखे देश.

स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. निघण्यापूर्वी परदेशात तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्यायोग्य असेल आणि तेवढा काळ तिची सर्व्हिस भारतात मिळेल, याची हमी द्यावी लागते.

एवढं करून जुनी गाडी उतरवायची ती फक्त मुंबईच्या बंदरात. तिथून ती चाचणीसाठी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा ठरलेल्या संस्थेकडे न्यावी लागते. आरटीओचा प्रश्न त्यानंतर येतो.

परदेशात राहून कायमचे परत येणाऱ्या भारतीयांसाठी आपली वापरातली एक गाडी आणण्याची वेगळी तरतूद आहे. मात्र ती स्वतःच्या वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही, आणि तिथेही शुल्क पूर्ण भरावं लागतं.

खर्च किती येतो?

वापरलेल्या प्रवासी गाडीवर सीमाशुल्काचा एकत्रित बोजा १३७.५ टक्के आहे. त्याच्यावर मोठ्या एसयूव्हीला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. आता हिशेब करा. कस्टम्सने गाडीची किंमत २० लाख धरली, तर सीमाशुल्क २७.५ लाख. झाले ४७.५ लाख. त्यावर ४० टक्के म्हणजे १९ लाख. २० लाखांची गाडी बंदरातून बाहेर पडताना ६६.५ लाखांची झालेली असते. चाचणी, वाहतूक, राज्याचा कर आणि विमा अजून बाकीच आहे.

आणखी एक गोष्ट. कस्टम्स सहसा तुमच्या खरेदीच्या बिलावरची किंमत धरत नाही. नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा करून मूल्य काढलं जातं. त्यामुळे 'बिल कमीचं करून देतो' म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका.

मग काही लोकांकडे अशा गाड्या असतात त्या कशा?

काही रीतसर आणलेल्या असतात. काहींची कथा वेगळी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम काढली. 'नुमखोर' म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. भूतानमध्ये वापरून झालेल्या लँड क्रूझर, डिफेंडरसारख्या गाड्या शुल्क न भरता भारतात आणल्या, बनावट कागदांवर दुसऱ्या राज्यांत त्यांची नोंदणी केली आणि मग त्या विकल्या, असा कस्टम्सचा आरोप होता. अनेक गाड्या जप्त झाल्या.

यातली खरी मेख ही की, जप्ती गाडीची होते. ती तिसऱ्या-चौथ्या हाताने, पूर्ण पैसे देऊन घेतली असली तरी दारातून उचलली जाऊ शकते. आरसी बुक हातात आहे म्हणून आयात कायदेशीर ठरत नाही. म्हणून परदेशी बनावटीची जुनी गाडी घेताना कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री मागा, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कागद 'हरवलाय' असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

पिवळी पाटी कशासाठी?

भाडं घेऊन प्रवासी नेणारी गाडी कायद्याने परिवहन वाहन ठरते. तिला पिवळी पाटी, परमिट आणि फिटनेस लागतं. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करायचं. गाडीत लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटणही लागतं. राज्याबाहेर, म्हणजे गाणगापूरला कर्नाटकात जायचं तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट काढलेलं बरं.

'पांढऱ्या पाटीवरच चालवू, कोण विचारतंय' असं म्हणणारे बरेच भेटतील. विनापरमिट भाड्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. खाजगी पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. अपघातात भाविक जखमी झाले, तर भरपाईचा बोजा शेवटी मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

परवान्याच्या बाबतीत मात्र एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचं परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो.

व्हिंटेज जीप चालेल का?

नाही. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. धंद्याला वापरता येत नाही.

मग करायचं काय?

देशातलीच जुनी फोर बाय फोर बघा. तीन गोष्टी मात्र तपासा.

१. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याचा दाखला आणि बाकी चलनं. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरा.

२. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल तर लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१. गाडी भंगार म्हणून विकलेली असेल तर तिची नोंदणी होणार नाही.

३. मोठे टायर, लिफ्ट किट, लोखंडी बुलबार. रीलमध्ये हे झकास दिसतं, पण कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी फिटनेसला अडकते.

आणि सगळ्यात आधी, पैसे देण्यापूर्वी, सोलापूरच्या आरटीओत जाऊन एकच प्रश्न विचारा : 'हे मॉडेल, हे वर्ष, इतकी आसनं. टॅक्सी म्हणून पासिंग होईल का?' जमलं तर लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. एजंटाच्या 'होऊन जाईल साहेब'पेक्षा तो कागद कामाचा.