खेळणाऱ्याची ‘किंमत’ आणि दलालाचे गणित

संसदेने ऑनलाईन जुगारावर कायदा केला, त्याच्या आधीची गोष्ट. एक पदवीधर तरुण आमच्या कार्यालयात आला. वस्तीतला, ओळखीचा, विहारातल्या कार्यक्रमाला सतरंज्या अंथरणारा. म्हणाला, “साहेब, बाहेरदेशातल्या एका कॅसिनो कंपनीनं माझं कमिशन अडवलंय. नोटीस काढायचीय.” कमिशन कशाचे, असे आम्ही विचारले. त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर एक तक्ता होता. पहिल्या रकान्यात खेळाडूचा क्रमांक, मग त्याने भरलेले पैसे, मग हरलेले पैसे आणि शेवटी या तरुणाचा वाटा. नाव कुणाचेच नव्हते. तरी एका क्रमांकावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा आमचा मावसभाऊ. यानंच जास्त दिलेत.”

दिलेत! म्हणजे हरलेत. हा एक शब्द आमच्या मनातून गेला नाही. म्हणूनच हा धंदा समाजापुढे उघडा करून मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

ऑनलाईन कॅसिनो स्वतः गिऱ्हाईक शोधत बसत नाही. ते आणून देणारे दलाल असतात. त्यांना ‘ॲफिलिएट’ असे गोंडस नाव आहे. दलालाला एक लिंक मिळते. त्या लिंकवरून जो येईल तो त्याच्या नावावर जमा होतो. मोबदल्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात माणूस आणून दिला आणि त्याने पैसे भरले की ठरलेली रक्कम एकदाच मिळते. दुसऱ्यात तो माणूस खेळतो आहे तोपर्यंत त्याच्या निव्वळ हरण्यातला वाटा दरमहा मिळतो. हा साधारणपणे २५ ते ४० टक्के असतो. यातले काय पत्करावे हे ठरवण्यासाठी दलाल एक हिशेब करतो. आणलेला माणूस एकूण किती हरेल? या आकड्याला ते खेळाडूचे ‘आयुष्यभराचे मूल्य’ म्हणतात. दर महिन्याचे सरासरी हरणे, गुणिले तो टिकेल ते महिने, गुणिले दलालाचा वाटा. झाले मूल्य!

हा अंदाज बांधता येतो, कारण खेळाचे गणित आधीच ठरलेले असते. युरोपीय रुलेटमध्ये ३७ घरे असतात. तुमचा आकडा लागला तर लावलेल्या रुपयासकट ३६ रुपये हाती येतात. उरलेले एक घर कंपनीचे. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कंपनीकडे जातात. वाटते किरकोळ. पण तेच पैसे रात्रभर पुनःपुन्हा लावले जातात आणि दर फेरीला कापले जातात. एखादा एखाद्या रात्री जिंकेल. पण हजारो माणसे महिनोन् महिने खेळली की कंपनी हरत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आम्ही धरलेले आहेत. एका दलालाने १०० माणसे आणली. त्यातली ७० प्रत्येकी २०० रुपये हरून शहाणी झाली आणि निघून गेली : १४ हजार रुपये. २५ माणसे महिन्याला एक हजार याप्रमाणे चार महिने हरली : एक लाख रुपये. उरलेली पाच माणसे महिन्याला दहा हजार याप्रमाणे वर्षभर हरली : सहा लाख रुपये. एकूण ७ लाख १४ हजार. सरासरी काढली तर प्रत्येक खेळाडूचे हरणे ७,१४० रुपये. प्रत्यक्षात ७,१४० रुपये कुणीच हरलेला नाही! सत्तर जणांचे नुकसान चहापाण्याइतके आणि पाच जणांची घरे बसली. ३० टक्क्यांनी दलालाला मिळाले २ लाख १४ हजार २०० रुपये. त्यातले १ लाख ८० हजार त्या पाच जणांचे. हे पाच जण पहिल्याच दिवशी सावध झाले असते तर दलालाच्या हाती राहिले असते फक्त ३४ हजार २००.

खरी मेख इथे आहे. दलालाची कमाई माणसे आणण्यावर नाही, त्यातले काही सुटू न शकण्यावर आहे. ज्या दिवशी एखादी आई मुलाचा मोबाईल काढून घेते, बायको एटीएमचे कार्ड लपवते, त्या दिवशी दलालाचे उत्पन्न घटते. खेळाडू जिंकले तर दलालाचे खाते उणे होते आणि काही करारांत ती उणे रक्कम पुढच्या महिन्यातही ओढली जाते. आपल्या माणसाने जिंकू नये, अशी इच्छा धरायला लावणारा हा धंदा आहे.

जिथे हा धंदा कायदेशीर आहे त्या ब्रिटनमध्ये काय दिसले? तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने २०२० च्या अहवालात म्हटले की, जुगार कंपन्यांचा ६० टक्के नफा व्यसनाधीन झालेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या पाच टक्के ग्राहकांकडून येतो. त्याआधी २०१७ मध्ये तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने दलालांनी केलेल्या जाहिरातींवर ठपका ठेवला होता. कर्जात बुडालेला नवरा, आजारी बायको आणि कॅसिनोच्या बक्षिसाने सगळे संकट दूर झाले, अशी ती बातमीच्या थाटातली कहाणी होती. अडलेल्या माणसालाच गळाला लावण्याचा हा प्रकार नव्हे काय?

आपल्याकडे कायदा काय सांगतो? १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संविधानाने दिलेले व्यापाराचे स्वातंत्र्य जुगाराला लागू होत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्याच कायद्याने पैजेला मदत करणाऱ्या करारांनाही न्यायालयाचे दार बंद केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ पुरवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. जाहिरातीला मदत करणाराही त्यात येतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवणाऱ्या आमच्या पोरांनी हे नीट समजून घ्यावे. कंपनी परदेशात बसलेली असते. पोलीस येतील ते तुमच्या दारात!

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. डोळ्यांदेखत संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला मान राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. आणि सोयरीक करायला कुणी तयार होत नाही. कंपनीच्या तक्त्यात यातला फक्त तिसरा नोंदवला जातो. बाकीच्या पाचांसाठी तिथे रकानाच नाही. ते सारे घरच्यांनी सोसायचे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत प्रत्येक माणसाच्या समान मूल्याचा प्रश्न देशापुढे ठेवला. त्या मूल्यासाठी चळवळीने पिढ्या खर्ची घातल्या. आणि आज आमचाच शिकलेला तरुण आपल्या भावाचे मूल्य तो किती हरेल यावरून मोजणार?

आम्ही त्या तरुणाची नोटीस काढली नाही. कमिशन विसर आणि आधी मावसभावाच्या घरी जाऊन खरे काय ते सांग, एवढेच त्याला बजावले. तो रागावून गेला. पंधरा दिवसांनी परत आला, तो मावसभावाला घेऊनच. तीन ठिकाणचे कर्ज होते. ते हप्त्याने फेडण्याचे कागद आम्ही करून दिले.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बेकारी आहे, म्हणून पोरे या दलालीकडे वळतात. तेव्हा नुसते रागावून भागणार नाही. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा शंभर माणसांचा हिशेब फळ्यावर मांडा. जो अडकला आहे त्याला चोरासारखे वागवू नका. जुगाराचे व्यसन हा आजार आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्याला द्या, सोबत बसून फोन लावा. आणि लिंक फिरवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : तुझ्या तक्त्यातल्या क्रमांकांपैकी कुणाच्या घरी तू जेवलेला आहेस?

जयभीम!