काजवे पाहायला जाताय? मग टॉर्च बंद का ठेवायचा?

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात काजवे दिसू लागतात. उन्हाचा त्रास नाही, रात्रीचा गारवा आणि लुकलुकणारी झाडं, त्यामुळे सुट्टीच्या शेवटी अनेक कुटुंबं मुलांना घेऊन इथे जातात. पण काजवे चमकतात कशासाठी?

तर जोडीदार शोधण्यासाठी. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. त्याची ऑक्सिजनशी क्रिया झाली की प्रकाश पडतो. अनेक जातींत नर उडता उडता इशारा देतो आणि मादी झुडपातून किंवा गवतातून उत्तर देते. टॉर्च, फ्लॅश किंवा गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात हे इशारे हरवतात. प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी काजवेही कमी.

म्हणून गाडी लांब लावा. पायवाट सोडू नका, गवतात माद्या असू शकतात. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीन कागद लावून जमिनीकडे धरा. मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नका. मोबाइलही खिशातच राहू द्या. दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि आधी न दिसलेले काजवेही दिसू लागतात.