दहा, किंग हेन्रीज रोड

उत्तर लंडनमधल्या प्रिमरोझ हिल टेकडीजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मालकीचे कधीच नव्हते. 1921-22 मध्ये ते तिथे भाडेकरू होते. ते घर जपण्याचे कारण तिथे झालेला अभ्यास आहे, आणि त्या अभ्यासामागची कहाणी सांगितल्याशिवाय घराचा इतिहास सांगता येत नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते प्रथम 1916 मध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी हाती होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. 1920 च्या जानेवारीत ‘मूकनायक’ हे वृत्तपत्र सुरू करून त्याच वर्षी ते पुन्हा बोटीवर चढले. इकडे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांच्या पत्नी रमाबाई संसार ओढत होत्या. म्हणून लंडनच्या खोलीचे मोल मोजताना परळच्या खोल्या वगळता येणार नाहीत.

दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आणि इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत जाई. रात्री भूक भागवायला भाजलेले पापड असत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली, 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टरी. डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांना फार जहाल वाटला, म्हणून सुधारून द्यावा लागला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो 1923 मध्ये ग्रंथरूपात आला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. पुढे भारतीय चलनावरच्या शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्षही दिली.

हे घर विक्रीला निघाले तेव्हा सर्वांत आधी जागे झाले ते ब्रिटनमधले आंबेडकरी कार्यकर्ते. महाराष्ट्र शासनाने ते घ्यावे, असा आग्रह त्यांच्या संघटनांनी धरला. सुमारे 31 लाख पौंडांना 2015 मध्ये ते शासनाने विकत घेतले आणि 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. याचे पहिले श्रेय परदेशात राहून चळवळ जिवंत ठेवणाऱ्या त्या माणसांचे आहे, हे मला ठामपणे नोंदवायचे आहे.

अडचण नंतर आली. राहत्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक परवानगी लागते, आणि ती आधी घेतलेली नव्हती. नंतर केलेला अर्ज कॅम्डेन कौन्सिलने 2018 मध्ये फेटाळला. निवासी जागा कमी होते, हे त्यामागचे कारण होते. गर्दीचा, बसगाड्यांचा, आवाजाचा त्रास होतो, अशी काही शेजाऱ्यांची तक्रारही होती. घरांची टंचाई असलेल्या शहरात असा आक्षेप येणारच, तो निव्वळ द्वेष म्हणून झटकणे योग्य नाही. अपिलावर 2019 मध्ये जाहीर चौकशी झाली. एक घर कमी होण्याचे नुकसान आणि या वास्तूचे ऐतिहासिक व सामाजिक मोल, असा तो तराजू होता. मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला.

निकाल लागला, पण शासनाचे काम संपलेले नाही. भाडेकरूच्या घरात खरी ठेव त्याच्या वस्तूंची नसून त्याच्या कामाची असते. खोल्या नीटनेटक्या सजवून भागणार नाही. रुपयाच्या प्रश्नावर, प्रांतांच्या आर्थिक अधिकारांवर आज संशोधन करणाऱ्या मुलामुलींना तिथे बसून काम करता आले पाहिजे, आणि त्यांतली काही परळसारख्या वस्त्यांतून आलेली असली पाहिजेत. लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाला माझी विनंती एवढीच: चॉक फार्म स्थानकावर उतरा, शेजाऱ्यांच्या शांततेचा मान ठेवा आणि जाण्यापूर्वी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ची काही पाने तरी वाचून जा.