चाकाचा रंग काढण्यापूर्वी
जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत भंगार लोखंड वितळवतात. पण मोटारीचे जुने चाक धड असेल, तर ते भंगारात कशाला घालायचे? रंग काढून पुन्हा रंगवता येते. लोखंडी चाक कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवले, की तैलरंगातील तेलाचा साबण होतो, रंग सुटतो. लोखंड शाबूत राहते.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक मात्र स्वतःच झिजू लागते! ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा अल्कलीत विरघळतो आणि उघड्या धातूची पाण्याशी अभिक्रिया होते. १ ग्रॅम धातूमागे सुमारे सव्वा लिटर हायड्रोजन निघतो. ठिणगी पडली तर भडका. (सोडा घालून हरभरे शिजवल्यावर ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते, त्यामागेही अल्कलीच.)

म्हणून आधी लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला नाही, तर कॉस्टिक दूर ठेवून वॉटर पेपरने, पाणी टाकत, हातानेच घासावे.