बागेत कार्यक्रम घेण्याआधी सातबारा वाचूया

आजचा विषय कागदपत्रांचा आहे, म्हणून कान दुसरीकडे वळवू नका. आपल्या एका गटाला या कागदांपायी 28,000 रुपयांचा फटका बसला. तो तुम्हाला बसू नये, म्हणून आज आम्ही बोलतो आहोत.

झालं ते असं. आमच्या गटातल्या एका काकूंची कलमांची बाग आहे. सत्तर झाडं, मधोमध मांगर, खाली खाडीचं पाणी दिसतं. मुंबईच्या एका कुटुंबाला ती जागा आवडली. मे महिन्यात तिथे लग्न करायचं ठरलं. तीनशे माणसं, मांडव बागेत, जेवण आपल्या गटाचं. मोदक, सोलकढी, वालाचं बिरडं, सगळं ठरलं. 45,000 रुपये आगाऊ मिळाले. त्यातल्या 28,000 रुपयांची मोठी पातेली, पराती आणि शेगड्या घेतल्या. बैठकीत सगळ्या जणी खूश होत्या. आम्ही समन्वयक म्हणून तिथेच बसलो होतो. "काकू, सातबारा कुणाच्या नावावर आहे?" एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना शेजारच्यांनी गाड्या आणि आवाजाबद्दल तक्रार केली. मग कागद विचारले गेले. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं, ते जाऊन वीस वर्षं झालेली. काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण वारस नोंद कुणी केली नव्हती. एक दीर मुंबईला. ते फोनवर म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही, माझी संमती नाही." जमीन शेतीची, कार्यक्रम भाड्याचा, परवानगी कसलीच नाही. मुलीकडच्यांनी घाबरून शहरातला हॉल घेतला आणि पैसे परत मागितले. ते द्यावेच लागले. दहा जणींनी दरमहा 350 रुपये याप्रमाणे आठ महिने ती भर घातली. पातेली अजून आहेत, पण ती बघितली की सगळ्या गप्प होतात.

तेव्हापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच आज सांगतो.

पहिली गोष्ट, शेतजमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्या कलम 42 चा गाभा असा, की शेतीची जमीन परवानगीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरायची नाही. दुसऱ्या कामाला आपण 'अकृषिक' किंवा बोलताना 'एनए' म्हणतो. परवानगी न घेता वापर केला, तर कलम 45 खाली दंड होतो. तो अकृषिक आकारणीच्या 40 पटीपर्यंत जाऊ शकतो, आणि वापर थांबवायलाही सांगता येतं.

आता कुणी म्हणेल, "आमच्या बागेत आमच्या मुलीचं लग्न लावलं, तर तेही एनए का?" घरचं एखादं कार्य आणि दर आठवड्याला भाड्याने दिलेली बाग यात फरक आहे. भाडं घेतलं, जाहिरात केली, मांडवाखाली कायमचा ओटा बांधला, की तो धंदा झाला. तिथून परवानगीचा प्रश्न सुरू होतो. थोड्या दिवसांसाठी तात्पुरत्या अकृषिक वापराची परवानगीही महसूल खात्याकडे मागता येते. इंग्लंडमध्ये शेतजमिनीवर वर्षाला 28 दिवसांपर्यंत तात्पुरता वापर वेगळ्या परवानगीशिवाय करता येतो, असा दिवसांचा हिशेब तिथल्या नियमातच आहे. आपल्याकडे मात्र "चार-पाच दिवस चालतात" असं कुणी सांगितलं, तर ते धरून चालू नका. तहसील कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट मांगराची. कलम 41 प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येतं. अवजारं, खत, आंबा ठेवायला, गुरं बांधायला किंवा शेतकऱ्याला आणि गड्याला राहायला. म्हणून मांगर हा शेतीचाच भाग. पण त्याच मांगराला फरशी घालून, खोल्या पाडून पाहुण्यांना भाड्याने दिलं, तर त्याचा वापर बदलला. भिंती त्याच असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने ते शेतघर राहत नाही.

तिसरी गोष्ट, अटी बदलतात. आमच्या आईच्या वेळी प्रत्येक छोट्या वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत फाइल जायची. 2014 साली कलम 42-अ आलं. जिथे मंजूर विकास योजना आहे, तिथे योजनेत बसणाऱ्या वापरासाठी ही वाट सोपी झाली. 2017 साली प्रादेशिक योजनेच्या भागासाठीही तशीच सोय झाली. पुढे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींना राहण्याच्या वापरासाठी सवलत मिळाली. गेल्या दहा-बारा वर्षांत ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत आली आहे. म्हणून चुलत भावाने पाच वर्षांपूर्वी जी वाट धरली, तीच आज लागू आहे असं समजू नका. त्याच्या अर्जाची झेरॉक्स आपल्या कामाची नाही. आजचा नियम आजच विचारायचा.

सवलत मिळाली म्हणजे काहीही करता येतं असंही नाही. आपली जमीन योजनेत कोणत्या विभागात येते, शेती विभागात की रहिवास विभागात, यावर कोणता वापर चालेल ते ठरतं. त्यासाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखला मिळतो. तो आधी घ्या, मग बाकीचं बोला.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी इथे जास्त लक्ष द्या. दापोली, गुहागर, आरे-वारे, गणपतीपुळे, या पट्ट्यात 'दोनशे मीटर' हे शब्द दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू येतात आणि गोंधळ होतो. गावठाणापासूनचे 200 मीटर म्हणजे सवलत. समुद्राच्या भरतीरेषेपासूनचे 200 मीटर म्हणजे बंधन. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या नियमांप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर हा पट्टा ना-विकास असतो, आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेड लागू राहतं. खाडीकाठालाही हे नियम आहेत. तुमची नारळाची वाडी गावठाणाला लागून आहे आणि समुद्रालाही लागून आहे, तर दोन्ही तपासावं लागेल. पहिली सवलत दुसरं बंधन पुसत नाही.

सड्यावर जागा असेल, तर आणखी एक. कार्यक्रमासाठी कातळ सपाट करायला जेसीबी आणायची घाई करू नका. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू अशा ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाली. आपल्या सड्यावर रेघा दिसल्या, तर त्या आधी कुणा जाणकाराला दाखवा. शिवाय माती, मुरूम किंवा चिरा काढायचा तर गौण खनिजाची परवानगी लागते. गाड्या लावायला जागा हवी म्हणून आंबा किंवा फणस तोडायचा तर वृक्षतोडीची परवानगी लागते, झाड आपल्याच बागेतलं असलं तरी.

आता सातबाऱ्याकडे येऊ. गटाच्या बैठकीत तो मधोमध ठेवा आणि चार गोष्टी बघा.

एक, नावं. कितीजणांची नावं आहेत? जमीन सामाईक असेल, तर मुंबई-पुण्याच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती हवी. "भावोजी काही म्हणणार नाहीत" हे कागदावर चालत नाही. मयत माणसाचं नाव असेल, तर आधी वारस नोंद.

दोन, भोगवटादाराचा वर्ग. वर्ग 1 असेल तर बरं. वर्ग 2 असेल, तर त्या जमिनीवर शासनाच्या अटी असतात आणि वापर बदलायला आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची मान्यता लागते.

तीन, इतर हक्क. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क इथे सापडतो. आपल्या रत्नागिरीत खोती होती. 1949 च्या कायद्याने ती गेली, पण कुळांच्या नोंदींचे प्रश्न अजून घरोघरी आहेत. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर वेगळ्या अटी असू शकतात, त्या वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चार, वनाची नोंद. काही सातबाऱ्यांवर 'खाजगी वन' असा शेरा असतो. तो दिसला, तर तिथे कार्यक्रमाचा विचार तिथेच थांबवा आणि वन खात्याकडे चौकशी करा.

सातबारा वाचता येत नसेल, तर लाज बाळगू नका. गावात तलाठी असतात. 2024 पासून त्यांचं पदनाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, माणूस आणि काम तेच. त्यांना विचारा.

जमिनीचं झालं, आता कार्यक्रमाचं. लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो. उघड्या बागेतला आवाज शेजारच्या वाडीत थेट जातो. तक्रार बहुतेक वेळा जमिनीपायी होत नाही, आवाज आणि गाड्यांपायी होते. म्हणून गडग्यापलीकडच्या घराला आधी जाऊन सांगून या. ग्रामपंचायतीलाही लेखी कळवा. जेवण विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी गटाच्या नावावर हवी. जागेची परवानगी मालकाची जबाबदारी असली, तरी ताटातल्या अन्नाची जबाबदारी आपल्या गटाची आहे.

"एवढं सगळं करायचं, तर धंदा करायचाच नाही का?" असं तुम्ही विचाराल. करायचा, पण योग्य वाटेने. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. त्यात शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. किमान एक एकर जमीन हवी, नोंदणीचं शुल्क 2,500 रुपये आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाला 1,000 रुपये. शेती चालू ठेवून पाहुण्यांना बाग दाखवणं, आंबा काढायला लावणं, घरचं जेवण देणं, हे या धोरणात बसतं. पण हे प्रमाणपत्र म्हणजे लग्नाच्या हॉलचा परवाना नव्हे, हे लक्षात ठेवा.

बायकांसाठी 2023 सालचं 'आई' पर्यटन धोरणही आहे. बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला पर्यटन व्यवसाय असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जाचं व्याज अटींसह परत मिळतं. इथेही सगळं 'मालकीचा' या शब्दाशी येऊन थांबतं. बाग शिंपणारी, राखण करणारी, पेट्या भरणारी बाई. पण नाव कागदावर नाही, तर कर्जाच्या टेबलावर तिला बसता येत नाही.

म्हणून आमच्या काकूंनी पहिलं काम केलं ते वारस नोंदीचं. मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि वारसांची नावं जोडून अर्ज दिला. नोटीस निघाली, हरकतीची मुदत गेली, फेरफार मंजूर झाला. दीर आले, बसले, बोलले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आधी विचारायला हवं होतं. आता सातबाऱ्यावर त्यांच्या नावाशेजारी काकूंचं नाव आहे.

या हंगामात गटाने लग्न घेतलं नाही. दिवसा पंचवीस पाहुणे, बागेत फेरी, मांगराच्या पडवीत पानावर जेवण, सूर्य मावळायच्या आत सगळे परत. बांधकाम नाही, स्पीकर नाही. हे सुरू करण्याआधी लेखी चौकशी केली आणि उत्तर फाइलला लावलं. मोठी पातेली वापरात आली. मिळकत लग्नाएवढी नाही, पण परत द्यावी लागली नाही.

आता गटाने एक ठराव करून ठेवला आहे, तुम्हीही करा. कुणाच्याही जागेवर कार्यक्रमाचं काम घ्यायचं, तर सातबारा, हिस्सेदारांची संमती आणि परवानगीची प्रत बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम घ्यायची नाही. घेतलीच तर कागद पुरे होईपर्यंत ती बँकेत राहील, खर्च होणार नाही. परवानगी नसल्यामुळे कार्यक्रम रद्द झाला तर नुकसान कुणाचं, हेही मालकाकडून आधीच लिहून घ्यायचं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणा. मोबाइलवरचाही चालेल. फक्त एक बघायचं आहे, त्यावर आपलं नाव आहे का. नसेल, तर कार्यक्रमांचं नंतर बघू, आधी त्या कामाला लागू.