कॅमेऱ्याचा तोल आणि खिशाचा तोल

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पॉटलक होते. जेवणे आटोपल्यावर एका मित्राने गाडीच्या डिकीतून चष्म्याच्या केसपेक्षा थोडा मोठा असा एक ड्रोन काढला आणि बॅकयार्डमधून वर सोडला. त्याच्या फोनच्या पडद्यावर आमची सबडिव्हिजन दिसू लागली. कौले, झाडे, पलीकडे जॉर्जिया ४०० वरच्या गाड्यांची रांग. वारा चांगलाच होता, ड्रोन वर हेलकावे खात होता, पण पडद्यावरचे चित्र असे निश्चल, की कुणी आकाशाला खिळा ठोकून कॅमेरा टांगला आहे असे वाटावे. "केवढ्याला?" हा आपला ठरलेला प्रश्न आलाच. "तीनशे डॉलर!" सगळ्यांनी वाहवा केली. मी मात्र गप्प होतो. मला माझा एक व्हिडिओ आठवत होता.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. जुना वाडा उतरवायचे ठरले होते. वाटण्या झाल्या होत्या, कुरबुरीही झाल्या होत्या. तरी शेवटचे एकदा सगळ्यांनी जमावे म्हणून काका-आत्या, चुलत-मावस भावंडे, सगळे चौकात गोळा झाले होते. मी इथून मोठ्या हौसेने ड्रोन नेला होता. त्याच्या पोटाला एक छोटा स्पोर्ट्स कॅमेरा बांधला होता. ड्रोन सातशे डॉलरच्या आसपासचा. दुकानदाराने तेव्हाच सांगितले होते, "याच्याबरोबर गिंबल घ्या, नाहीतर चित्र हलेल." गिंबलची किंमत जवळजवळ ड्रोनएवढीच. मी मनात म्हटले, कॅमेरा हलू नये म्हणून आणखी सातशे डॉलर? आपण हळू उडवू की झाले!

अल्फारेटाला परत आल्यावर टीव्हीवर तो व्हिडिओ लावला. वाड्याची कौले पाण्यावरच्या सावलीसारखी लवलवत होती. क्षितिज एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडत होते. खाली चौकात आजी डोक्यावरचा पदर सावरत वर बघत हात हलवत होती, पण ती आजी आहे हे मला ठाऊक होते म्हणून कळले. दोन मिनिटांत बायकोला मळमळू लागले. त्याच उन्हाळ्यात वाडा गेला. पुढच्या वर्षी आजी गेली. मी वाचवलेले सातशे डॉलर कशात खर्च झाले, ते आज आठवतही नाही.

म्हणून हा लेखप्रपंच. ड्रोन घेताना, किंवा ड्रोनवाल्याला पैसे देताना, आपण कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो. विचारायला हवे ते वेगळेच.

मुळात हलते काय?

चार पंख्यांच्या ड्रोनला पुढे जायचे असेल तर त्याला नाक खाली करावे लागते. उजवीकडे जायचे तर उजव्या कुशीवर कलावे लागते. वाऱ्यात एका जागी थांबायचे असेल तरी वाऱ्याच्या दिशेने झुकून उभे राहावे लागते. म्हणजे कलणे हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची चाल आहे. कॅमेरा त्याच्या अंगाला घट्ट बांधला, तर त्या प्रत्येक कलण्यात क्षितिजही कलंडते. उडवणाऱ्याचा हात कितीही हलका असला तरी यात फरक पडत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली होती.

दुसरी गोष्ट पंख्यांच्या थरथरीची. बहुतेक लहान कॅमेरे चित्र एकदम टिपत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाक्रमाने वाचत जातात. तेवढ्या क्षणात कॅमेरा थरथरला, तर वरची ओळ एका जागी आणि खालची दुसऱ्या जागी उमटते. सरळ भिंत जेलीसारखी डुलते ती यामुळे.

आता नदीवरून डोक्यावर घागर घेऊन येणारी बाई आठवा. पाय खाचखळग्यात पडतो, पण घागरीतले पाणी हिंदकळत नाही, कारण मान आणि कंबर दर पावलाला उलट दिशेने तेवढीच हालचाल करून हिशेब चुकता करतात. गिंबल हेच करतो. कॅमेऱ्याच्या मागे एक सेन्सर असतो. आपण कोणत्या बाजूला, किती वेगाने कललो हे तो सतत सांगत असतो. एक छोटा संगणक त्यावरून उलटा हिशेब मांडतो, आणि बोटाच्या पेराएवढ्या मोटर्स कॅमेऱ्याला तेवढेच उलट फिरवतात. हे सारे एका सेकंदात शेकडो वेळा चालते. पंख्यांची बारीक थरथर मात्र मोटर्सच्याने आवरत नाही. ती शोषून घ्यायला रबराच्या छोट्या गोळ्यांवर सगळा डोलारा टांगलेला असतो.

कलण्याच्या दिशा तीन. डाव्या-उजव्या कुशीवर कलणे म्हणजे रोल, नाक खाली-वर होणे म्हणजे पिच, आणि मान वळवल्यासारखे वळणे म्हणजे यॉ. तिन्ही सांभाळतो तो तीन अक्षांचा गिंबल. दोन अक्षांच्या गिंबलमध्ये क्षितिज सरळ राहते, पण वळताना चित्राला हिसके बसतात.

जहाजापासून खिशापर्यंत

एकात एक फिरणाऱ्या कड्यांची ही कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे नाव तिला चिकटले, पण ती त्याच्याही आधीची. जहाजावरचे होकायंत्र अशाच कड्यांत टांगलेले असे. जहाज कितीही डोलले तरी होकायंत्र आडवे ते आडवेच. त्यात मोटर नव्हती, वजनाचाच तोल होता.

आकाशातून चित्रीकरण म्हटले की पूर्वी हेलिकॉप्टर आलेच. १९६० च्या दशकात नेल्सन टायलर यांनी हेलिकॉप्टरमधल्या कॅमेऱ्याला हादरे बसू नयेत अशी बैठक तयार केली. पुढे हेलिकॉप्टरच्या नाकाखाली लटकणारे, चेंडूसारखे दिसणारे स्थिर कॅमेरे आले. २००६ साली गाजलेल्या बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ' मालिकेतली आकाशातली दृश्ये अशाच यंत्राने घेतलेली आहेत. त्यांच्या किमती काही लाख डॉलर्स, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा भाड्यानेच घेत. आपल्याकडे गोपाळ बोधे यांनी महाराष्ट्राचे किल्ले आणि किनारा आकाशातून टिपला, तोही हेलिकॉप्टरमधूनच. स्थिर छायाचित्राला क्षणाच्या हजाराव्या भागाचा शटर पुरतो. चलच्चित्राला ती सवलत नाही.

'थ्री इडियट्स' आपण सर्वांनी पाहिला आहे. २००९ च्या त्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारा कॅमेरावाला ड्रोन आयआयटी मुंबईतून निघालेल्या 'आयडियाफोर्ज' कंपनीच्या मुलांनी बनवला होता. तेव्हा ती जवळजवळ जादूच वाटली होती.

त्यानंतरची किमतींची घसरण मात्र चक्रावून टाकणारी आहे. २०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीने 'मोवी एम १०' हा मोटर्सवर चालणारा गिंबल बाजारात आणला, किंमत सुमारे १५,००० डॉलर. कॅमेरा वेगळा, ड्रोन वेगळा. एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे आमच्या वाड्याच्या व्हिडिओनंतर तीनच महिन्यांनी, डीजेआयने तीन अक्षांचा गिंबल आणि कॅमेरा बसवलेला अख्खा ड्रोन १,२९९ डॉलरला आणला. २०१६ चा घडीचा 'मॅव्हिक प्रो' ९९९ डॉलर, २०१९ चा 'मॅव्हिक मिनी' ३९९, आणि २०२४ चा 'मिनी ४ के' २९९ डॉलर.

हे झाले कसे? श्रेय बरेचसे आपल्या खिशातल्या फोनला द्यावे लागेल. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते ते ज्या सेन्सरमुळे, तसेच सेन्सर गिंबलला लागतात. फोन कोट्यवधींनी खपले आणि सेन्सर कवडीमोल झाले. दुसरे म्हणजे कॅमेरा जितका लहान, तितकी मोटर लहान, बॅटरी लहान आणि ड्रोनही लहान. मोठ्या सिनेमा कॅमेऱ्याला उचलणारे गिंबल आजही महागच आहेत, कारण तिथे वजन कमी करता येत नाही.

मग पैसे कशाला द्यायचे?

पहिला प्रश्न: अक्ष किती? २०२४ मध्ये आलेला 'निओ' १९९ डॉलरचा, पण त्याचा गिंबल एकाच अक्षाचा. बाकीची थरथर तो संगणकाच्या हिशेबाने लपवतो. या पद्धतीत कॅमेरा मोठे चित्र घेतो आणि हलतील तेवढ्या कडा कापून मधला भाग सरळ करून दाखवतो. भर उन्हात ही युक्ती झकास चालते. संध्याकाळी गडबड होते. उजेड कमी झाला की प्रत्येक चित्राला शटर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात कॅमेरा हलला तर ते चित्रच पुसट उमटते, आणि पुसट चित्र कापून स्पष्ट होत नाही. खरा गिंबल कॅमेऱ्यालाच हलू देत नाही. आपली बहुतेक दृश्ये तिन्हीसांजेची: पणत्यांनी उजळलेले अंगण, विसर्जनानंतरची आरती. तेव्हा १९९ आणि २९९ मधले शंभर डॉलर मला तरी सार्थकी वाटतात.

दुसरा प्रश्न: दुरुस्ती. ड्रोन पडला की पंखे तुटतात. ते काही डॉलरचे. पण सगळ्यात नाजूक अवयव गिंबल. त्याच्या कागदासारख्या पातळ केबल्स आणि इवल्या मोटर्स घरी दुरुस्त होत नाहीत. प्रवासात त्यावर झाकण लावा, आणि उडवण्यापूर्वी ते न विसरता काढा. झाकणासकट चालू केला तर मोटर्स अडकून तापतात.

तिसरा प्रश्न: सुटे भाग. डिसेंबर २०२५ मध्ये एफसीसीने परदेशी बनावटीच्या नव्या ड्रोन मॉडेल्सना मान्यतेचे दार बंद केले. आधी मान्यता मिळालेल्या मॉडेल्सच्या वापरावर त्या निर्णयाने बंदी घातली नाही. तरीही बॅटरी आणि दुरुस्ती पुढेही मिळेल का, हे विचारून मगच घ्या.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: विकत घ्यायलाच हवा का? वर्षातून एकदा मुंज किंवा बारसे असेल तर परवानाधारक ड्रोनवाला बोलावणे परवडते. त्याच्याकडे एफएएचे सर्टिफिकेट आणि विमा आहे ना, हे पाहा. आधीच्या कामातला संध्याकाळचा एखादा तुकडा मागा आणि त्यातले क्षितिज पाहा. दोन मिनिटांत सारे कळते.

इथले नियम, तिथले नियम

स्वतःच्या हौसेसाठी उडवणाऱ्याला एफएएची 'ट्रस्ट' नावाची छोटी मोफत परीक्षा ऑनलाइन द्यावी लागते. ड्रोन २५० ग्रॅम किंवा जास्त वजनाचा असेल तर तीन वर्षांसाठी ५ डॉलर भरून नोंदणी. उंची साधारणपणे ४०० फुटांच्या आत, आणि ड्रोन सतत नजरेसमोर. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: संस्थेसाठी व्हिडिओ काढला, तर एक पैसाही न घेता काढला तरी ती 'हौस' धरली जात नाही. त्याला 'पार्ट १०७' चे सर्टिफिकेट लागते. परीक्षेची फी १७५ डॉलर. ढोलताशाच्या गर्दीवरून तर उडवूच नका. आपल्या जवळचे चॅटाहूची नदीकाठचे राष्ट्रीय क्षेत्र आणि केनेसॉ माउंटन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. तिथे २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे.

भारतात जाताना ड्रोन बॅगेत टाकण्याचा मोह आवरा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारताने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. कस्टम्सशी वाद घालण्यात सुट्टीचा पहिला दिवस जातो आणि ड्रोनही जातो. त्याची गरजही उरलेली नाही. आज तालुक्याच्या गावचा लग्नाचा फोटोग्राफरसुद्धा गिंबलवाला ड्रोन बाळगतो.

पॉटलकच्या रात्री सगळे गेल्यावर मी जुना व्हिडिओ पुन्हा काढला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने त्यावर तासभर सॉफ्टवेअर चालवले. क्षितिज बरेचसे सरळ झाले. कौलांची जेली तशीच राहिली, आणि आजीचा चेहराही पुसटच राहिला. "बाबा, जे टिपलंच गेलं नाही, ते कुठून आणायचं?" तो म्हणाला.

तेव्हा मंडळी, या डिसेंबरला गावी जाल तेव्हा घर अजून उभे असेल, अंगणात वडीलधारी माणसे असतील, तर फोटोग्राफरला एक दिवस बोलवा. त्याला घिरट्या घालायला लावू नका. म्हणावे, तीस फुटांवर ड्रोन एका जागी थांबव, कॅमेरा अंगणाकडे कर आणि एक मिनिट काही करू नकोस. ते एक मिनिट स्थिर मिळाले, की पैसे वसूल.